रामा की चिंतामणी

कालिंदीताई साटम यांना ओळखायचं असेल तर त्यांना नारळ घेताना बघावं. एक नारळ कानाशी धरून हलवतील, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. भोईवाड्याच्या नाक्यावरचा नारळवाला एकदा वैतागून म्हणाला, "काकी, नारळ आहे तो, फोन नाही. किती वेळ कानाला लावणार?" ताई म्हणाल्या, "तू मध्ये बोलतोस ना, म्हणून ऐकू येत नाही." आणि दोन्ही खाली ठेवून त्यांनी तिसराच उचलला.

चाळीत त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यात एक भिंत. त्या माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. गॅसवाला, मीटर बघायला येणारा, वर्गणी मागणारा, सगळ्यांना त्या दारातच उभं करतात. बँकेतून बोलतोय म्हणून कोणाचा फोन आला की सांगतात, "थांबा हां, मुलगा पोलिसात आहे, त्याला देते." समोरून फोन कट. मुलगा पोलिसात नाही, कुठेच नाही. ताईंना मूलबाळ झालं नाही आणि यजमान लवकर गेले. एकट्या बाईने मुंबईत खोली राखायची तर दाराला कडी लावून पुरत नाही, मनालाही लावावी लागते. ती त्यांनी लावली, आणि पुढे काढायची राहूनच गेली.

एका बाबतीत मात्र त्यांना कधी संशय नसे, आणि त्यांच्याविषयीही कोणाला नसे. रंगाच्या.

साडीला ब्लाउजचं कापड जुळवून आणायचं आणि शिवून द्यायचं, हे ताईंचं काम. हिंदमाताचा कापडबाजार आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या मॅचिंगच्या दुकानांत त्या ट्यूबखाली कापड बघतच नाहीत. कापडाचा तागा उचलायचा आणि सरळ दुकानाच्या पायरीवर येऊन उन्हात धरायचा. "ट्यूब लबाड असते," म्हणतात. दुकानदार त्यांना पायरीवाली काकी म्हणतात. ताईंच्या लेखी नुसता हिरवा, नुसता निळा असे रंग जगात नाहीत. शेवाळी, पोपटी, मोरपंखी, रामा, चिंतामणी, आमसुली, असे रंग असतात. मला त्यांनी शिकवलं होतं : रामा म्हणजे निळ्याची झाक असलेला हिरवा, आणि चिंतामणी म्हणजे हिरव्याची झाक असलेला निळा. दोघे शेजारी राहणारे, पण एकाच्या दारात दुसऱ्याची चप्पल दिसली की भांडण.

गल्लीच्या टोकाला आमचं देवीचं लहानसं देऊळ आहे. नवरात्रात रोज ज्या रंगाचा दिवस त्या रंगाची साडी देवीला नेसवतात. साड्या घराघरांतून येतात, पण साडीखालची चोळी कालिंदीताईंच्या हातची. माझं लग्न होऊन मी इथे आले त्याच्या आधीपासून. त्याचे त्या काही घेत नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "साडी कोणाची पण असो गो मनू, देवीच्या अंगाला लागते ती माझी चोळी." आणि लगेच मागे वळून बघितलं, कोणी ऐकलं तर नाही.

आता साड्या देणारी निम्मी घरं भोईवाड्यात राहिली नाहीत. कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी विरारला. साडी ऐन घटस्थापनेच्या आदल्या दिवशी येते, त्याआधी येतो तिचा व्हॉट्सॲपवर फोटो. त्या फोटोवरून चोळीचं कापड जुळवायचं. गेली काही वर्षं असंच चाललं होतं, आणि नीट चाललं होतं.

या वर्षी श्रावणात मंगळागौरीला मात्र घोटाळा झाला. आमच्या महिला मंडळाने ठरवलं की खेळणाऱ्या सगळ्या जणींनी एकाच रंगाचे ब्लाउज घालायचे. मंडळाची सेक्रेटरी अनुजा. बँकेत नोकरीला, बोलायला गोड, पण मुद्दा सोडणार नाही. तिने ताईंना रंगाचा फोटो पाठवला. ताईंनी कापड आणलं, सगळ्यांचे ब्लाउज शिवले, इस्त्री करून दिले. अनुजाने पिशवी उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, हा रामा आहे."

"मग? रामाच पाठवलास ना तू."

"मी चिंतामणी पाठवला होता."

"फोनमध्ये रामा दिसत होता बाय. मी काय आज कापड बघते?"

दोघी आपापला फोन पुढे करून उभ्या राहिल्या. बायका जमल्या. सगळ्यांनी अनुजाच्या नव्या फोनवर बघितलं, ताईंच्या जुन्याकडे कोणी नीट बघितलंही नाही. त्याची काच एका कोपऱ्यात तडकलेली. निकाल लागून गेला : फोन जुना झाला, रंग बरोबर दाखवत नाही. मलाही तेच पटलं. माझ्या ब्लाउजची आतली शिवण तेवढी निळसर दोऱ्याची होती. हिरव्या कापडाला निळा दोरा, असं ताईंच्या हातून कधी होत नसे. म्हटलं, रीळ संपलं असेल. आणि रामा ब्लाउज घालून आम्ही फुगड्या घातल्या.

गणपतीच्या आधी अनुजा ताईंच्या खोलीत आली. मी तिथेच वाती वळत बसले होते.

"ताई, नवरात्राचं सांगायला आले. फोटो यायला लागतील आता. तुम्ही एक चांगला फोन घ्या ना. भारी कॅमेऱ्याचा, भारी स्क्रीनचा. रंग जसाच्या तसा दिसतो."

"आणि नाही घेतला तर?"

"मग या वर्षी चोळ्या बाहेरून शिवून घेऊ. देवीचं काम आहे, ताई. मंगळागौरीसारखं झालं तर वाईट दिसेल."

ताईंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. अनुजा गेल्यावर दाराकडे बघत म्हणाल्या, "ही बाई मोबाइल कंपनीत कधी लागली?"

फोन या वस्तूबद्दल त्यांचं मत मुळातच वाईट. जुन्या फोनला त्यांनी ब्लाउजच्या कापडाचं झबलं शिवलंय, पुढे हूक. कामापुरतं हूक काढायचं, काम झालं की लावायचं. देव्हाऱ्यासमोर तो कायम पालथा. "पूजा चाललेली त्याने कशाला बघायची?" एकदा आम्ही दोघी गुडघेदुखीवर बोलत होतो, आणि संध्याकाळी त्यांच्या फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. तेव्हापासून घरातलं काही बोलायचं असलं की त्या फोनसमोर मालवणीत बोलतात. "ह्येका मालवणी कळना नाय," म्हणतात.

त्यात वरदची भर. वरद त्यांच्या बहिणीचा मुलगा, ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला कळलं तसा तो रोज संध्याकाळी फोन करून मोठमोठ्या मॉडेलची नावं सांगायला लागला. शेवटी म्हणाला, "मावशी, तू विचार करू नकोस. सगळ्यात पॉवरफुल घे. मी देतो."

ताईंनी हूक लावलं आणि माझ्याकडे वळल्या. "बघितलंस? मी देतो म्हणतो."

"अहो, चांगलंच आहे की."

"चाळ पाडायची बोलणी चालू आहेत. टॉवरमध्ये खोली मिळणार. आणि याला आत्ताच मावशी आठवली?"

"ताई, तो दर भाऊबीजेला येतो तुमच्याकडे."

"येतो. आल्यावर भिंती बघतो."

पण देवीच्या चोळ्या जातील या विचाराने त्यांना झोप लागत नव्हती, ते मला भिंतीतून कळत होतं. पहाटेच मशीनचा आवाज सुरू व्हायचा. एक दिवस अंघोळ, पूजा करून त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या, हातात पिशवी. "चल. बघून तर येऊ. बघायला पैसे पडत नाहीत. पण आधी मी त्याची परीक्षा घेणार." पिशवीत त्यांनी एक रीळ ठेवलं होतं. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "रामा आहे. तिथे नाव सांगायचं नाही. तो काय सांगतो ते बघू."

गणपतीचे दिवस. लालबागकडून गर्दी वाहत होती म्हणून आम्ही दादरच्या बाजूला गेलो. दुकान मोठं, काचेचं, आत थंडगार. प्रिती नावाची मुलगी पुढे आली, नाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं. तिने सगळ्यात महागाचा फोन दोन हातांत धरून असा आणला, जसं प्रसादाचं ताट.

"काकू, हे टॉप मॉडेल. कॅमेरा इतका पॉवरफुल, चंद्रावरचे खड्डे पण दिसतात."

"चंद्रावर कोणाचा ब्लाउज शिवायचाय मला?"

प्रिती हसली. चांगली मुलगी होती, रागावली नाही. "तसं नाही हो. बरं, तुमचाच फोटो काढू?" तिने काढला आणि दाखवला. ताईंनी चष्मा वर करून, फोन नाकाजवळ नेऊन बघितलं.

"ही कोण?"

"तुम्हीच."

"माझी धाकटी बहीण वाटते. सुरकुत्या कुठे गेल्या?"

"ते ब्युटी मोड चालू होतं, काकू. आपोआप स्किन साफ करतं."

"म्हणजे न विचारता." ताई माझ्याकडे वळल्या. "जो माझ्या सुरकुत्या ठेवत नाही तो साडीचा रंग ठेवेल काय गो?"

मला हे बोलणं बिनतोड वाटलं. प्रितीने घाईघाईने काहीतरी बंद केलं, पुन्हा फोटो काढला. या वेळी ताई ताईंसारख्या दिसल्या. मग ती म्हणाली, "आणि हा तुमचं बोलणं समजतो. कुठल्याही वस्तूपुढे धरा आणि विचारा हे काय आहे. मराठीत उत्तर देतो."

"मालवणीत?"

"अजून नाही. पण अपडेट येतात ना, शिकेल हळूहळू."

ताईंचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे शिकायला ऐकत बसणार." मी त्यांचा हात दाबला. त्यांनी पिशवीतून रीळ काढून काउंटरवर उभं केलं. "विचार त्याला. याचा रंग कुठला. तू काही बोलायचं नाहीस."

प्रितीने फोन रिळासमोर धरला, विचारलं. फोनमधली बाई शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाली, "हे शिवणकामाच्या दोऱ्याचे निळ्या रंगाचे रीळ आहे."

"हं!" ताईंनी काउंटरवर थाप मारली. "धरला की नाही! हिरव्याला निळा म्हणतो."

"काकू, पण…" प्रिती रिळाकडे बघून अडखळली. "निळंच आहे ना ते?"

"तू त्यांचंच माणूस. तू तेच म्हणणार."

मी रिळाकडे बघितलं. मला तो श्रावणातला ब्लाउज आठवला, आतली ती निळसर शिवण.

"मनू, तू सांग."

"इथे ट्यूब आहे, ताई," मी म्हणाले. "ट्यूबखाली काय कळणार?"

"हे शहाण्यासारखं बोललीस. चल पायरीवर."

प्रितीला फोन घेऊन आमच्याबरोबर यावं लागलं. बाहेर लख्ख ऊन होतं. ताईंनी रीळ तळहातावर घेतलं, हात लांब केला, हिंदमाताला करतात तसं. फोन शेजारी धरायला लावला. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, "आता बोल. आणि देवीची शपथ घेऊन बोल."

शपथ घातली नसती तर मी काहीतरी सारवासारव केली असती. पण देवीचं नाव घेतल्यावर माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"ताई, चिंतामणी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नारळवाल्याकडे बघतात ना, तसं. इतक्या वर्षांत ती नजर माझ्याकडे कधी वळली नव्हती.

"तू पण?" एवढंच म्हणाल्या.

ताईंनी मान फिरवली. उन्हाने त्यांना घाम फुटला होता, कपाळावरून एक थेंब उजव्या डोळ्यात गेला. त्यांनी पदराने तो डोळा दाबून धरला. दुसरा डोळा रिळावरच होता. आणि त्या तशाच थांबल्या. पदर काढला, डोळा उघडला. पुन्हा पदराने झाकला. मग डावा झाकला. मग उजवा. रस्त्यावरची माणसं बघत होती. प्रितीला काही कळेना. "काकू, डोळ्यात काही गेलं का? पाणी आणू?"

"नको बाय," ताई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, जसं काही कपड्याचं माप सांगताहेत. "या डोळ्याने हिरवा दिसतो. या डोळ्याने निळा."

आम्ही तिघी पायरीवर उभ्या. लांब कुठेतरी ढोल वाजत होते.

"काकू, मग फोन?" प्रितीने हळूच विचारलं. "ऑफर विसर्जनापर्यंतच आहे."

"थांब जरा. आधी दुसरंच तपासायला हवं." ताईंनी रीळ पिशवीत टाकलं आणि चालू लागल्या. घरी पोचल्यावर दारात मागे वळल्या आणि म्हणाल्या, "शपथ घातली म्हणून राग धरू नकोस हां. तुझ्याशिवाय कोणाला घालणार?"

डोळ्यांच्या डॉक्टरकडे वरदच घेऊन गेला, रजा काढून. मी बरोबर होते. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, पण उजव्यात जास्त पिकलाय. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडतं, आणि पिवळ्यातून बघितलं की निळा आधी मरतो. इतका हळू, की माणसाला पत्ता लागत नाही.

"पण मला चांगलं दिसतं," ताई म्हणाल्या. "पूर्वी चष्मा लागायचा, आता तर चष्म्याशिवाय सुई ओवते." हे त्या चाळीत सगळ्यांना अभिमानाने सांगत. देवीची कृपा म्हणत.

"तेही त्याचंच लक्षण आहे, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू वाढताना काही जणांना जवळचं पुन्हा दिसायला लागतं."

ताईंचा चेहरा त्या क्षणी जितका पडला तितका पायरीवरही पडला नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "जे चांगलं वाटत होतं तेच फसवत होतं गो."

मग भिंग कुठलं बसवायचं ते सांगायला एक मुलगा आला, हातात रंगीत कागद. साधं, त्याच्या वरचं, परदेशी. ताई माझ्या कानाशी लागल्या, "हे पण मोबाइलचंच दुकान. आता म्हणेल चंद्र दिसतो." त्या मुलाला म्हणाल्या, "तुझ्या आईला कुठलं बसवशील?" तो गडबडला आणि म्हणाला, साधंच बसवीन. ताईंनी साधंच घेतलं.

ऑपरेशनचा दिवस मिळाला तो पितृपक्षात. झालं. "पितृपक्षात नवीन वस्तू घेत नाहीत," म्हणून ताई अडून बसल्या. वरदने कपाळाला हात लावला. "मावशी, वस्तू काय? डोळा आहे तो!"

"भिंग नवीनच ना? पैसे मोजून घेतोय ना? मग खरेदीच झाली."

मी म्हटलं, "ताई, औषधाची गोळी पितृपक्षात आणता की नाही? हे औषधच. आणि पितृपक्ष संपेपर्यंत थांबलात तर घटस्थापना गाठणार कशी?" देवीचं नाव निघालं तशा त्या नरमल्या. जाण्याआधी यजमानांच्या तसबिरीपुढे उभं राहून त्यांनी सांगितलं, ऐकलं मी, "खरेदी नाही ही. मनू म्हणते औषध आहे. काही असेल तर तिला विचारा."

उजव्या डोळ्याचं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोर होते. ताईंनी डोळा किलकिला केला, खोलीभर फिरवला, पलंगावरची चादर हातात धरली.

"ही नीळ घातलेली चादर आहे काय?"

"नाही, साधी पांढरी आहे."

"निळी दिसते. भिंती पण निळ्या. भिंगालाच रंग आहे. फसवलं आपल्याला, वरद."

डॉक्टरबाईंनी समजावलं, इतकी वर्षं पिवळ्यातून बघितलंत, म्हणून आता पांढरं निळं वाटतंय, चार दिवसांत बसेल. ताईंनी मान हलवली, पण ती हो म्हणणारी नव्हती. घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती रिळांचं खोकं उघडलं. आत पुठ्ठ्याचे कप्पे. ज्या कप्प्यात त्यांनी रामा म्हणून रिळं ठेवली होती तो कप्पा त्यांनी खिडकीत नेला. एकेक रीळ उचलून दोन बाजूंना ठेवत गेल्या. निम्मी रिळं चिंतामणी निघाली. मग जुन्या फोनचं हूक काढलं, श्रावणातला अनुजाचा फोटो शोधला. तडकलेल्या काचेमागे तो रंग होता. चिंतामणी. अगदी चिंतामणी.

"हा बिचारा बरोबर दाखवत होता," ताई म्हणाल्या.

वरद दाराशी बूट घालत होता. तो गेल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "चांगलं केलं हो त्याने माझं. दोन दिवस हॉस्पिटलात बसून राहिला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तरी टॉवरचा काही कागद आला तर मला आधी वाचून दाखव हां."

अनुजाकडे त्या स्वतः गेल्या, काळा चष्मा लावून. मी बरोबर. अनुजा जेवत होती, तशीच उठली.

"ताई, फोन घेतलात?"

"नाही. डोळा केला." आणि पुढे म्हणाल्या, "श्रावणात रंग तुझा बरोबर होता. फोन पण बरोबर होता. मी चुकले. आता चोळ्या दे."

अनुजाने सांगितलं की अर्ध्याहून जास्त चोळ्या बाहेर शिवायला दिल्या आहेत, आता परत मागता येणार नाहीत. उरलेल्या द्यायला हरकत नव्हती, पण तिच्या मनात होतं ते तोंडावर दिसत होतं. तिने ते बोलूनही दाखवलं, मला त्याचं बरं वाटलं. "ताई, राग मानू नका. आता नक्की जमेल ना?"

मला वाटलं, ताई उठून जातील. त्या उलट खूश झाल्या. "तपास. न तपासता दिलंस तर मीच घेणार नाही." त्यांनी पिशवीतून कात्रणं काढून टेबलावर पसरली. अनुजाने आपल्या फोनवर निळ्या दिवसाच्या साडीचा फोटो उघडून धरला. डोंबिवलीच्या घराने चिंतामणी घेतली होती, योगायोग म्हणा, देवीची इच्छा म्हणा. ताईंनी डावा डोळा हाताने झाकला, उजव्याने एक कात्रण उचललं, फोनशेजारी ठेवलं. अनुजाने बघितलं, आपल्या सासूबाईंना बोलावून दाखवलं, शेवटी मलाही विचारलं.

"निळ्या दिवसाची तुमची," ती म्हणाली. "आणि उरलेल्या पण."

डॉक्टरांनी खाली वाकून शिवायला मना केलं होतं. म्हणून कापड ताईंनी जुळवलं, मशीन मी चालवलं, आणि प्रत्येक टाक्याला त्यांनी मागे उभं राहून मला सुनावलं.

कापड आणायला गेलो त्या दिवशी आम्ही प्रितीच्या दुकानावरून आलो. ताईंनी पिशवीतलं एक कात्रण तिथल्या तिथे निवडून तिला दिलं, तिच्या ओढणीचा काठ उसवला होता त्याला लावायला, अगदी जुळणारं. प्रितीला सगळी हकिगत कळल्यावर तिचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे काकू, आपला फोन खरं बोलत होता! मग घेऊन टाका ना."

"एकदा खरं बोलला म्हणून घरात घ्यायचा?" ताई म्हणाल्या. "माझा जुना श्रावणापासून खरं बोलत होता, त्याला कोणी विचारलं?"

प्रितीला हसू आवरेना. मी विचार करत होते, बोलणं बरोबर आहे की नुसताच हट्ट आहे. अजून ठरवलं नाही.

निळ्याच्या दिवशी देवीला चिंतामणी साडी नेसवली. मी आरतीला गेले तेव्हा ताई गाभाऱ्यासमोर उभ्या होत्या, हात जोडलेले. डावा डोळा मिटलेला. मग तो उघडला आणि उजवा मिटला. मागे रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "काय भक्तिभाव आहे बघ या म्हातारीचा."

बाहेर चप्पल घालताना मी म्हटलं, "दुसऱ्या डोळ्याचं दिवाळीनंतर करायचं म्हणत होत्या डॉक्टर. वरदने तारीख विचारलीय."

"सांग त्याला, घाई नाही."

"का हो? आता तर पटलं ना तुम्हाला?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. पदराखालचा फोन चाचपला, हूक लागलेलं आहे ना ते बघितलं, आणि मालवणीत, अगदी हळू म्हणाल्या, "एक जुनो ऱ्हवांदे गो. नव्यार लक्ष ठेवूक कोणतरी व्हया."